मतदारयादीतील नाव : विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीची खरी पूर्वतयारी

विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीचा अभ्यास करणाऱ्यांचे लक्ष बहुधा दोन गोष्टींवर खिळलेले असते. पक्षांची उमेदवारनिवड ही त्यांपैकी एक, आणि मतमोजणीचा निकाल ही दुसरी. या दोहोंच्या आधी घडणारी व दोहोंनाही आधारभूत असणारी तिसरी गोष्ट मात्र कचेरीतील रुक्ष कामकाजाचा भाग समजून बाजूस ठेवली जाते. ती गोष्ट म्हणजे मतदारयादी. २० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांसाठी मतदान झाले, तेव्हा राज्याच्या यादीत सुमारे ९ कोटी ७० लाख नावे होती आणि मतदान केंद्रांची संख्या एक लाखाहून अधिक होती. एवढ्या मोठ्या यादीत एखादे नाव असणे वा नसणे ही आकडेशास्त्राच्या दृष्टीने क्षुल्लक बाब होय. परंतु ज्याचे नाव नाही, त्याच्या दृष्टीने संपूर्ण निवडणूकच झाली नाही असा त्याचा अर्थ होतो.

हक्क संविधानातून मिळतो. त्याचा वापर मात्र यादीतून होतो. या दोहोंमधील अंतर कसे पडते, ते भरून काढण्याची जबाबदारी कायद्याने कोणावर टाकली आहे, आणि नागरिकाने केव्हा व कोणती तयारी केली असता ते अंतर उरत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. हक्क आणि नोंद

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३२६ नुसार लोकसभेच्या व राज्य विधानसभांच्या निवडणुका प्रौढ मताधिकाराच्या तत्त्वावर होतात. प्रारंभी ही वयोमर्यादा २१ वर्षांची होती; एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ती १८ वर्षांवर आली. अनिवास, मनोविकलता, अपराध आणि निवडणुकीतील भ्रष्ट वा बेकायदेशीर आचरण एवढीच अपात्रतेची कारणे संविधानाने मान्य केली आहेत. त्याच्या लगतचा अनुच्छेद ३२५ तितकाच महत्त्वाचा आहे. प्रत्येक प्रादेशिक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण मतदारयादी असेल आणि धर्म, वंश, जात वा लिंग एवढ्याच कारणावरून कोणासही त्या यादीबाहेर ठेवता येणार नाही, असे तो सांगतो. ब्रिटिश अमदानीतील विभक्त मतदारसंघांची आणि मालमत्तेवर वा शिक्षणावर आधारलेल्या मताधिकाराची व्यवस्था या दोन अनुच्छेदांनी मोडीत काढली.

तथापि संविधानाने दिलेले हे आश्वासन प्रत्यक्षात उतरते ते दोन अधिनियमांच्या द्वारे. १९५० चा लोकप्रतिनिधित्व अधिनियम यादी कशी तयार करावयाची हे सांगतो. १९५१ चा अधिनियम मतदान कसे घ्यावयाचे हे सांगतो. यांपैकी दुसऱ्या अधिनियमाच्या कलम ६२ मधील पहिलेच वाक्य येथे निर्णायक आहे. ज्या व्यक्तीचे नाव मतदारसंघाच्या प्रचलित यादीत नाही, तिला त्या मतदारसंघात मत देण्याचा अधिकार नाही. नागरिकत्व निर्विवाद असो, वय पूर्ण असो, त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य असो. यादीत नाव नसेल तर केंद्राध्यक्षाला त्या व्यक्तीस मतदान करू देता येत नाही.

मत देण्याचा अधिकार हा संविधानाने दिलेला की केवळ कायद्याने दिलेला, हा प्रश्न न्यायालयांपुढे अनेकदा आला आहे. पोन्नुस्वामी प्रकरणात १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायद्यातून निर्माण होणारा अधिकार मानला. पुढे २००३ मध्ये, मत देण्याचा अधिकार आणि मत देताना केलेली निवड यांत भेद करून, निवड ही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग होय असा विचार मांडला गेला. या वादाचा निर्णय कसाही लागो, यादीचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही, कारण कोणत्याही मतानुसार मतपेटीपर्यंतचा मार्ग यादीतूनच जातो.

आणखी एक गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. विधानसभा मतदारसंघाची यादी हीच देशातील मूळ यादी आहे. लोकसभा मतदारसंघासाठी स्वतंत्र यादी तयार होत नाही. त्यात अंतर्भूत असलेल्या विधानसभा मतदारसंघांच्या याद्या मिळूनच ती बनते. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, जिल्हा परिषद व महानगरपालिका यांच्या निवडणुकांसाठीही हीच यादी प्रभागवार विभागून वापरली जाते. त्यामुळे येथे झालेली चूक सर्व पातळ्यांवर उमटते.

२. पहिल्या यादीचा धडा

प्रौढ मताधिकारावरील पहिली यादी तयार करण्याचे काम संविधान अंमलात येण्यापूर्वीच सुरू झाले होते. संविधान सभेच्या सचिवालयाने मार्च १९४८ मध्ये प्रांतांना व संस्थानांना त्याविषयी सूचना पाठविल्या. १९३५ च्या कायद्याखालील मतदारांची संख्या तीन कोटींच्या आसपास होती. ती आता सतरा कोटींच्या वर जावयाची होती. घरोघर जाऊन प्रौढ व्यक्तींची नावे लिहून घेणे हा त्यासाठी एकच उपाय होता. फाळणीमुळे लक्षावधी निर्वासित आले होते आणि निवासाची नेहमीची अट त्यांना लावणे अन्यायाचे ठरले असते. म्हणून, येथे कायमचे राहण्याचा मनोदय आहे एवढ्या घोषणेवर त्यांची नावे यादीत घेण्याचे ठरले. हक्क खरा असेल आणि पुरावा दुर्मीळ असेल, तर राज्याने दोन पावले पुढे यावे, हा न्याय त्या निर्णयात दिसतो.

परंतु त्याच यादीने दुसराही धडा दिला. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या कारकिर्दीत असे आढळून आले की अनेक स्त्रियांनी नाव विचारणाऱ्या कर्मचाऱ्यास स्वतःचे नाव सांगितलेच नाही. ‘अमक्याची पत्नी’ किंवा ‘तमक्याची आई’ अशीच त्यांची नोंद झाली. नाव हा मतदाराच्या ओळखीचा आवश्यक भाग असल्याने अशा नोंदी ग्राह्य धरता येणार नाहीत, अशी भूमिका आयोगाने घेतली. नावे दुरुस्त करून घेण्यास बिहारमध्ये एक महिन्याची विशेष मुदत देण्यात आली. तरीही देशात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली. त्यांपैकी बहुतेक सर्व बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या राज्यांतील होत्या.

आयोगाच्या निर्णयाचे मूल्यमापन दोन्ही बाजूंनी करता येईल. त्या एका निवडणुकीत २८ लाख स्त्रिया मताला मुकल्या, ही हानी खरी होती. दुसऱ्या बाजूने, स्त्रीची नोंद तिच्या स्वतःच्या नावानेच होईल हा दंडक पहिल्याच निवडणुकीत पडला, हा लाभही खरा होता. कोणताही अधिकारी त्या स्त्रियांच्या हक्काविरुद्ध नव्हता. हक्क आणि नोंद यांच्यामधील दरी तरीही पडली, आणि तिची किंमत ज्यांचा आवाज सर्वांत क्षीण होता त्यांनी मोजली.

हा प्रश्न आज पूर्णपणे संपला आहे असे नाही. त्याचे रूप पालटले आहे. महाराष्ट्रात विवाहानंतर स्त्रीचे आडनाव आणि वडिलांच्या नावाच्या जागी येणारे पतीचे नाव, असे दोन्ही बहुधा बदलतात. काही घरांत पहिले नावही बदलते. माहेरच्या यादीत जुने नाव तसेच राहते, सासरच्या यादीत नवे नाव चढत नाही, आणि मतदानाच्या दिवशी ती स्त्री दोन्हींपैकी कोठेच उपस्थित नसते. लग्नपत्रिका, शिधापत्रिका आणि बँकेचे खातेपुस्तक यांवर नाव बदलण्याची तत्परता जेथे दिसते, तेथेही मतदारयादीची आठवण निवडणूक जाहीर झाल्यावरच होते.

३. निवास म्हणजे काय

मतदार म्हणून नोंद होण्यासाठी त्या मतदारसंघात ‘सर्वसाधारणपणे राहत असणे’ आवश्यक आहे. या शब्दप्रयोगाविषयी मोठे गैरसमज आहेत. १९५० च्या अधिनियमाच्या कलम २० ने त्याची फोड केली आहे. एखाद्या ठिकाणी घर मालकीचे आहे वा ताब्यात आहे, एवढ्यावरून तेथील निवास सिद्ध होत नाही. उलटपक्षी, काही काळ बाहेर गेल्यामुळे निवास संपुष्टातही येत नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या आणि वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्या गृहस्थाचे गावी वडिलार्जित घर आहे म्हणून त्याने गावीच मत द्यावे, ही भावना कितीही स्वाभाविक असली तरी कायद्याचा कौल पुण्याच्या बाजूने आहे. एकाहून अधिक मतदारसंघांत, अथवा एकाच मतदारसंघात एकाहून अधिक वेळा, नाव नोंदविण्यास कलमे १७ व १८ यांनी मनाई केली आहे. अर्जात जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड वा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्यास बोलीभाषेत ‘दुबार नाव’ म्हणतात, ते पुष्कळदा लबाडीतून न उद्भवता, स्थलांतरानंतर जुने नाव कमी करून न घेतल्यामुळे उद्भवते.

तात्पुरत्या अनुपस्थितीचा नियम मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या बाबतीत विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे गळीत हंगामासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे गाव हाच त्यांचा निवास होय. म्हणून त्यांची नावे गावच्या यादीत टिकून राहतात व राहिलीही पाहिजेत. परंतु विधानसभेची मतदाने २०१४ मध्ये १५ ऑक्टोबर, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबर आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबर रोजी झाली. हा काळ हंगामाच्या उंबरठ्यावरचा किंवा त्यात शिरणारा असतो. त्यामुळे नाव गावी आणि मतदार फडावर, असा प्रसंग उद्भवतो. अशा स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदानाच्या यंत्राचा नमुना निवडणूक आयोगाने २०२२ च्या अखेरीस पुढे आणला व जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे मांडला. परंतु अनेक पक्षांचा विरोध झाला आणि ही व्यवस्था विधानसभेच्या या निवडणुकीत आली नाही.

परदेशी राहणाऱ्या परंतु तेथील नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयांना २०१० च्या दुरुस्तीने स्वतंत्र वाट मिळाली. पारपत्रावरील भारतातील पत्त्याच्या मतदारसंघात त्यांना नमुना ६अ भरून नाव नोंदविता येते. मत देण्यासाठी मात्र त्यांना मूळ पारपत्रासह स्वतः केंद्रावर यावे लागते. म्हणजे येथेही नोंद आणि वापर यांत अंतर उरतेच.

४. दोन तारखा

यादीच्या कामात दोन तारखांना सर्वाधिक महत्त्व आहे. पहिली अर्हता दिनांक होय. म्हणजे ज्या दिवशी अर्जदाराचे वय मोजले जाते तो दिवस. अनेक दशके वर्षातून १ जानेवारी हा एकच अर्हता दिनांक होता. २ जानेवारी २००६ रोजी जन्मलेल्या तरुणाचे उदाहरण घेतल्यास त्यातील अडचण स्पष्ट होते. त्यास २ जानेवारी २०२४ रोजी अठरा वर्षे पूर्ण झाली. जुन्या नियमाप्रमाणे त्याची नोंद १ जानेवारी २०२५ च्या यादीतच झाली असती, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जवळजवळ एकोणीस वर्षांचा असूनही तो मत देऊ शकला नसता. २०२१ च्या दुरुस्तीने, १ ऑगस्ट २०२२ पासून, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांचे पहिले दिवस अर्हता दिनांक ठरले. त्यामुळे हा तरुण १ एप्रिल २०२४ रोजीच पात्र झाला.

दुसरी तारीख उमेदवारी अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवसाची होय. त्या दिवसाची मुदत संपल्यानंतर निवडणूक पूर्ण होईपर्यंत यादीत नाव घालता येत नाही, बदलता येत नाही आणि कमीही करता येत नाही. २०२४ ची निवडणूक १५ ऑक्टोबर रोजी जाहीर झाली आणि उमेदवारी अर्जांची मुदत २९ ऑक्टोबर रोजी संपली. मधले दिवस अवघे चौदा. आलेल्या प्रत्येक अर्जावर हरकतींसाठी सात दिवसांची सूचना द्यावी लागते. त्यानंतर चौकशी व आदेश. हे दिवस वजा केले असता, घोषणा ऐकून जागे होणाऱ्या नागरिकाच्या हाती जेमतेम काही दिवस उरतात. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात कचेरीत गर्दी करणारे लोक वस्तुतः तीन आठवडे उशिरा आलेले असतात.

५. नाव घालणे, बदलणे आणि वगळणे

नोंदणीची रीत १९६० च्या मतदार नोंदणी नियमांनी ठरविली आहे. नव्या नोंदणीसाठी नमुना ६. हरकत घेण्यासाठी वा नाव वगळण्यासाठी नमुना ७. नोंदीतील दुरुस्ती, पत्त्यातील बदल आणि नवे ओळखपत्र यांसाठी नमुना ८, असे साधारण वाटप आहे. अर्ज मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे, मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यामार्फत अथवा संगणकीय मार्गाने करता येतो. अर्ज नामंजूर झाल्यास जिल्हाधिकाऱ्याकडे, आणि तेथून राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे अपील करण्याची तरतूद आहे.

छायाचित्र असलेले मतदार ओळखपत्र १९९३ मध्ये, टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, देण्यास आरंभ झाला. ते हाती असले की मताचा हक्क कायमचा सुरक्षित झाला, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. ओळखपत्र व्यक्तीची ओळख पटविते. हक्क मात्र यादीतील नोंदीनेच लाभतो. नाव वगळले गेले असता ओळखपत्र जवळ असूनही त्याचा उपयोग होत नाही. म्हणून प्रत्येक पुनरीक्षणानंतर प्रसिद्ध होणारी प्रारूप यादी पाहणे हे पूर्वतयारीतील सर्वांत साधे आणि सर्वांत उपेक्षित काम होय.

नाव वगळण्याची क्रिया अधिक नाजूक आहे. मृतांची, स्थलांतरितांची व दुबार नावे काढली नाहीत तर यादी फुगते आणि तोतयेगिरीस वाव मिळतो. ती बेपर्वाईने काढली तर जिवंत मतदार हक्कास मुकतो. म्हणून कलम २२ नुसार, एखादी व्यक्ती तेथे राहत नाही वा तिला नोंदीचा हक्क नाही अशा कारणाने नाव वगळावयाचे असल्यास, तिला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. मुंबई व दिल्ली येथील काही वस्त्यांतील रहिवाशांच्या नागरिकत्वाविषयी शंका घेतली गेली, तेव्हा लालबाबू हुसेन प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व दृढ केले. ज्याचे नाव आधीच यादीत आहे, ते रीतसर चौकशीनंतरच आले असे गृहीत धरावे, आणि ते काढण्यापूर्वी सूचना व पुराव्याचा विचार व्हावा, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

हा प्रश्न किती जिवंत आहे, हे २०२५ मध्ये बिहारमधील विशेष सखोल पुनरीक्षणाने दाखविले. जून २०२५ मध्ये तेथील यादीत सुमारे ७ कोटी ८९ लाख नावे होती. १ ऑगस्ट रोजीच्या प्रारूप यादीत ती ७ कोटी २४ लाख झाली. गळलेल्या सुमारे ६५ लाख नावांची यादी कारणांसह प्रसिद्ध करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट रोजी दिला. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत सुमारे ७ कोटी ४२ लाख नावे होती. महाराष्ट्रात याच्या उलट प्रकारचा वाद झाला. २०२४ च्या लोकसभा व विधानसभा निवडणुकांमधील सहा महिन्यांत यादीत सुमारे ४० लाखांची वाढ झाली आणि विरोधी पक्षांनी तीबद्दल शंका व्यक्त केली. आयोगाने त्या फेटाळल्या. दोन्ही वादांतील पक्ष व युक्तिवाद निराळे असले तरी मागणी एकच होती : नाव का आले अथवा का गेले याचे कारण नागरिकास पाहता यावे.

६. केंद्रावर

मतदानाच्या दिवशी उरते ते तुलनेने थोडे. केंद्रावरचा पहिला मतदान अधिकारी यादीतील नोंद शोधून नाव मोठ्याने उच्चारतो. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीस शाई लावतो व नोंदवहीत सही घेतो. त्यानंतर यंत्रावर मत देता येते. नावातील किरकोळ लेखनदोष वा मुद्रणदोष, व्यक्तीची ओळख पटत असल्यास, दुर्लक्षिण्याचा नियम आहे. ‘शिंदे’चे ‘शिंद’ झाले म्हणून कोणास परत जावे लागत नाही. मतदाराच्या ओळखीवर हरकत घेणाऱ्या मतदान प्रतिनिधीस दोन रुपये अनामत ठेवावी लागते आणि केंद्राध्यक्ष तेथेच संक्षिप्त चौकशी करतो. आपल्या नावावर दुसराच कोणी मत देऊन गेल्याचे आढळल्यास खऱ्या मतदारास प्रदत्त मतपत्रिका मागता येते. ती स्वतंत्र पाकिटात ठेवली जाते व सामान्य मोजणीत धरली जात नाही. परंतु पुढे न्यायालयात वाद गेल्यास तिचे महत्त्व राहते. पंच्याऐंशी वर्षांवरील वृद्धांना आणि चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरूनच मत देण्याची सोय २०२४ मध्ये उपलब्ध होती. तीही मुदतीत नमुना १२ड भरणाऱ्यांनाच.

केंद्रावरच्या प्रत्येक अडचणीवर कायद्याने असा काहीतरी तोडगा ठेवला आहे. यादीत नावच नसणे या एका अडचणीवर मात्र त्या दिवशी कोणताही तोडगा नाही.

७. जबाबदारीची वाटणी

पहिल्या यादीच्या वेळी राज्य नागरिकाच्या दारी गेले होते. आज नागरिकाने अर्ज करावा आणि अधिकाऱ्याने तो तपासावा, असे कामाचे स्वरूप बरेचसे झाले आहे. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची घरभेट हा जुन्या पद्धतीचा उरलेला धागा होय. या बदलात सोय आहे, तसा धोकाही आहे. जो लिहू-वाचू शकतो, ज्याचा पत्ता स्थिर आहे आणि ज्याची कागदपत्रे जुळतात, त्याला अर्जाची पद्धत सुलभ वाटते. फडावरचा कामगार, भाड्याच्या खोल्या बदलणारा विद्यार्थी आणि नवविवाहित स्त्री यांना तीच पद्धत चाळणीसारखी ठरते. त्यांच्यासाठी राज्याचे दारी जाणे थांबता कामा नये.

राज्याचे कर्तव्य मान्य केल्याने नागरिकाचे कर्तव्य नाहीसे होत नाही. वर्षातून एकदा प्रारूप यादी पाहणे, घर बदलल्यावर नमुना ८ भरणे, घरातील मृत व्यक्तीचे नाव कमी करविणे आणि अठराव्या वर्षानंतरच्या पहिल्या अर्हता दिनांकाची आठवण ठेवणे, एवढी कामे कोणाही सुशिक्षितास करता येण्याजोगी आहेत. विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस त्यात आणखी एक भर घालता येईल. आपल्या वसतिगृहाच्या, वाड्याच्या वा गावच्या भागाची यादी घेऊन, तीत कोण आहे आणि कोण नाही हे प्रत्यक्ष पडताळून पाहणे हा राज्यशास्त्राचा उत्तम क्षेत्राभ्यास होऊ शकेल. १९५१ मध्ये वगळलेल्या नावांची संख्या आज सांगता येते, ती कोणीतरी ती मोजून ठेवली म्हणूनच.